भाद्रपदातलं पाणी

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारची आरती आणि जेवणं आटोपल्यावर, दादा आणि मी माळ्यावर चढलो. माळ्यावर आमच्या घराचा जुना नांगर आडवा ठेवलेला आहे. गेली कितीतरी वर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता, कारण कोपरे, म्हणजे आमची भाताची लहान शेतं, आता पॉवर टिलरने नांगरली जातात. माझ्या खिशात आठ शब्द लिहिलेला कागद होता. ईषा, युग, हलस्थाणु, निर्योल, पाशिका, अड्डचल्ल, शौल, पच्चनी. ‘कृषिपराशर’ या ग्रंथात नांगराचे हे आठ भाग सांगितले आहेत. मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना संस्कृत शिकवलं. यातले अर्धे शब्द मला अडत होते आणि कोश फारशी मदत करत नव्हता. म्हणून डोंबिवलीहून निघतानाच ठरवलं होतं की या वेळी नांगर खाली काढायचा आणि दादाला विचारायचं.

दादा माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. शाळा चौथीपर्यंत. आम्ही दोघांनी मिळून नांगर खळ्यात आणला. तो पुसता पुसता म्हणाला, “हेका इसाड म्हणतत. ह्या जू.”

मी कागदाकडे बघितलं. ईषा, इसाड, म्हणजे नांगराचा लांब दांडा. युग, जू. पुढे श्लोकात फाल येतो, तो आपला फाळ. योत्र येतं, ते बैलाच्या गळ्याखालून बांधायचं जोतं. संस्कृत मी शाळेत शिकलो असं मला आयुष्यभर वाटत होतं. त्यातले हे चार शब्द मात्र लहानपणी रोज पहाटे मी गोठ्याशी ऐकले होते. ‘पाशिका’पाशी मी अडलो, तेव्हा दादाने फाळाला घट्ट धरणाऱ्या लोखंडी कड्यावर बोट ठेवलं. पाश म्हणजे तेच असावं असं मला वाटतं. बाकीच्या शब्दांची जोडी लागली नाही.

मग आम्ही मोजलं. ग्रंथ म्हणतो, ‘पञ्चहस्ता भवेदीषा’, म्हणजे इसाड पाच हात. दादाने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत स्वतःचा हात टेकवत टेकवत मोजणी केली. पाच हात भरले आणि वर चार बोटं उरली. “सुतारान वायच जास्त ठेवलानहा,” तो म्हणाला. आमच्या आजोबांच्या वेळचा तो नांगर. सुताराने पराशर वाचलेला असण्याची काही शक्यता नाही.

पराशर हे नाव म्हटलं की आपल्याला व्यासांचे वडील आठवतात, नावेतली सत्यवती आठवते. याच नावावर एक स्मृती आहे, ज्योतिषाचा ग्रंथ आहे. शेतीचा हा लहानसा ग्रंथही ‘ब्रूते ऋषिपराशरः’ असं म्हणत सुरू होतो. त्यात दोनशेचाळीसच्या आसपास श्लोक आहेत. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी त्याला इसवी सनाच्या आधी चारशे वर्षं नेतं, कुणी दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत खाली आणतं. एक गोष्ट मात्र ग्रंथातूनच दिसते. पावसाचं गणित मांडताना तो शालिवाहन शकाचा आकडा घ्यायला सांगतो, म्हणजे आज हातात आहे त्या रूपात तरी तो इसवी सन ७८ च्या नंतरचाच. माझी स्वतःची समजूत अशी की श्लोक नंतर बांधले गेले, पण त्यातलं जाणतेपण फार जुनं आहे. ‘पेरणी वैशाखात’ हे कुणा एका ऋषीला एका सकाळी सुचत नाही.

कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने १९६० साली गिरिजाप्रसन्न मजुमदार आणि सुरेशचंद्र बॅनर्जी यांनी संपादित केलेली त्याची संहिता छापली. पुढे १९९९ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने नलिनी साधले यांच्या अनुवादासह तो पुन्हा काढला. ही संस्था यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९९४ मध्ये उभी केली. नेने हे वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ. उत्तरेत तराईच्या भागात भाताची पानं तांबूस-तपकिरी होऊन पीक खुरटत असे, त्या ‘खैरा’ रोगाचं मूळ जमिनीतल्या जस्ताच्या कमतरतेत आहे, हे त्यांनी साठच्या दशकात दाखवून दिलं. भाताचं पान वाचता येणारा माणूस पोथ्यांकडे वळला, याचं मला फार अप्रूप वाटतं. अशा माणसाच्या हाती पोथी पडली की तिच्यातल्या ओव्या-श्लोकांना पुन्हा माती लागते.

ग्रंथाची सुरुवात माझ्यासारख्याला टोचणारी आहे. ‘चतुर्वेदान्तगो विप्रः’, चारी वेदांच्या पार गेलेला, शास्त्र बोलणारा विद्वान, तोही दारिद्र्याने गाठला की लाचार होऊन मागायला जातो; शेती करणारा मात्र कुणापुढे हात पसरत नाही. पुढचा श्लोक आणखी उघड आहे:

कण्ठे कर्णे च हस्ते च सुवर्णं विद्यते यदि ।
उपवासस्तथापि स्यादन्नाभावेन देहिनाम् ॥

गळ्यात, कानात, हातात सोनं असलं तरी अन्न नसेल तर उपासच. मी हा श्लोक दादाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “परत एकदा वाच.”

पराशराचा जवळजवळ निम्मा जीव पावसात अडकला आहे. ‘वृष्टिमूला कृषिः सर्वा वृष्टिमूलं च जीवनम्’, तेव्हा आधी पावसाचं ज्ञान करून घ्या, असं तो सांगतो आणि कामाला लागतो. इथे त्याचे दोन चेहरे दिसतात आणि दोन्ही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. पहिला चेहरा गणिती. शकाच्या आकड्यात तीन मिळवा, चाराने भागा, बाकी उरेल त्यावरून त्या वर्षीचा मेघ ओळखा. आवर्त, संवर्त, पुष्कर, द्रोण. आवर्त एखाद्या भागातच पडतो, संवर्त सगळीकडे पाणी करतो, पुष्करात पाणी दुष्कर, द्रोणात धरती जलमय. मी हे गणित बसून करून पाहिलं. शके १९२७, म्हणजे २००५ साल. तीन मिळवून चाराने भागलं की बाकी दोन, संवर्त. त्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डोंबिवलीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना आम्ही वर घेतलं होतं, ती रात्र मी विसरणार नाही. मग शके १९३१, म्हणजे २००९. पुन्हा बाकी दोन, पुन्हा संवर्त. त्या वर्षी देशभरात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा २२ टक्के कमी झाला. मेघ तोच, एकदा महापूर आणि चार वर्षांनी दुष्काळ. हे गणित चालत नाही, आणि ऋषीच्या नावामुळे ते चालतं असं म्हणणं मला पटणार नाही.

दुसरा चेहरा डोळे उघडे ठेवून अंगणात उभ्या असलेल्या माणसाचा आहे, आणि माझं मन तिथे गुंतलं. पौष महिन्यात तो काठीला पताका बांधून उभी करायला सांगतो आणि वारा कुठून येतो ते रात्रंदिवस पाहायला लावतो. अडीच-अडीच दिवसांचा एक भाग, असे महिन्याचे बारा भाग, एकेक भाग पुढच्या एकेका महिन्याचा. वारा उत्तरेचा किंवा पश्चिमेचा असेल तर त्या महिन्यात पाऊस, पूर्वेचा किंवा दक्षिणेचा असेल तर नाही, वारा पडलेला असेल तर तूट. अडीच दिवसांवरून महिन्याचा पाऊस कळेल यावर आज कुणी विसंबणार नाही. पण पाऊस वाऱ्याबरोबर येतो, वारा मोजता येतो आणि त्यासाठी थंडीत तीस दिवस न चुकता एका काठीकडे बघायचं असतं, हे ज्याला सुचलं त्याची जात वेगळी होती. वैशाखाच्या शुद्ध प्रतिपदेला रात्री नदीत खूण केलेली काठी रोवून सकाळी पाणी कुठे आलं ते बघायलाही तो सांगतो. काठी रोवून पाणी मोजणारा हा माणूस आहे.

आणि लगेच येणाऱ्या पावसाच्या खुणा तर वाचतच राहाव्यात अशा. मुंग्या अंडी घेऊन वर निघतात. बेडूक एकाएकी ओरडू लागतात. पाणपक्षी उन्हात पंख वाळवतात. साप झाडाच्या शेंड्याकडे चढतो. रातकिड्यांचा आवाज आभाळभर होतो. वाताचा त्रास असलेल्या माणसांचं अंग दुखू लागतं. आणि यांच्याच ओळीत एक खूण अशी:

कुर्वन्ति बालका मार्गे धूलिभिः सेतुबन्धनम् ।

पोरं रस्त्यावर धुळीचे बांध घालू लागली की पाऊस आला समजा. मुंगी, बेडूक, साप, मोर आणि त्यांच्यात मूल. पोरांच्या खेळालाही आभाळातलं काही आधी कळत असेल, असं मानणारा माणूस किती वेळ रस्त्याकडे बघत बसला असेल! पाटावर मातीचे बांध घालताना काकांच्या हातचा मार आम्ही खाल्ला आहे. त्यांना हा श्लोक ठाऊक असता तर आभाळाकडे बघून त्यांनी पेंढा आत घेतला असता.

आता बियाण्याकडे येतो. मला विचाराल तर या साऱ्या ग्रंथाचा गाभा तिथे आहे. माघ-फाल्गुनात बी गोळा करावं. उन्हात नीट वाळवावं. जमिनीवर ठेवू नये. दुसऱ्या धान्याचा दाणा त्यात राहू देऊ नये, मिसळलेलं बी पीक घटवतं. ‘एकरूपं तु यद्बीजं फलं फलति निर्भरम्’, एकसारखं बी भरभरून फळतं, म्हणून ते एकसारखंच मिळेल असा यत्न करावा. यात मंत्र नाही, ग्रह नाही. आज बीजोत्पादनाच्या शेतात माणसं ओळीओळीने फिरून वेगळं दिसणारं रोप उपटून काढतात, त्यामागे हाच विचार आहे. एकसारखं बी एकदम उगवतं, एकदम पसवतं, एकदम पिकतं. पुढे-मागे पिकलेल्या भातात आधी तयार झालेला दाणा गळतो आणि उशिराचा हिरवाच राहून पोल निघतो.

नंतर येतो तो श्लोक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीवरून उठलो:

सुदृढं पुटकं कृत्वा तृणं छिन्द्याद् विनिर्गतम् ।

बियाण्याचा घट्ट पुडा बांधावा आणि बाहेर आलेलं गवत कापून टाकावं. ही मुडी! कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे बियाण्याचं भात पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोराने आवळून, त्याचा गोल गरगरीत गठ्ठा करत. ती मुडी. काकी मुडी बांधायला बसली की गुडघ्याने दाबून दोर ओढायची आणि शेवटी कोयत्याने बाहेर आलेल्या काड्या सफाईने छाटायची. पराशराने दिलेलं कारण असं की काड्या राहिल्या तर शेत तणाने भरेल. ते कारण मला पटत नाही. पण घट्ट मुडीत दमट हवा शिरत नाही आणि किड्याला वाट मिळत नाही, हे मी पाहिलं आहे. पुढे तो सांगतो की तूप, तेल, ताक, दिवा, मीठ या वस्तू बियाण्यावर चुकूनसुद्धा ठेवू नयेत. धूर लागलेलं, पावसाने भिजलेलं, खड्ड्यात पुरून ठेवलेलं बी वापरू नये. मीठ हवेतलं पाणी ओढतं, ताक सांडलं की बुरशी येते, दिव्याच्या धगीने दाण्यातला अंकूर मरतो. काकी एवढंच म्हणायची, “मिठाचो हात बियाणाक लावू नको रे.” मीठ हातात घेऊन मी माळ्याच्या शिडीला लागलो तरी ती ओरडायची.

आता मुड्या नाहीत. भाताचं बी प्लास्टिकच्या पिशवीत येतं, आणि चांगलं येतं, ते मी नाकारत नाही. पण काकीचे हात गेले तेव्हा तिच्याबरोबर दोरीचा तो पीळही गेला. वहिनीला मुडी बांधता येत नाही, माझ्या पुतण्यांनी पाहिलेलीही नाही.

नांगरणीबद्दल पराशर म्हणतो, हेमंतात नांगराल तर सोनं, वसंतात तांबं-रुपं, उन्हाळ्यात नुसतं धान्य, आणि ढग आल्यावर नांगराल तर दारिद्र्य. दादा लगेच म्हणाला की भात काढल्यावर ओल असते तोवर नांगर घालून कुळीथ पेरतात ते काय वेगळं. खताबद्दल तो सांगतो की माघात शेणाचा ढीग कुदळीने उकरावा, उन्हात वाळवून चुरा करावा, फाल्गुनात प्रत्येक शेतात खड्डा करून त्यात ठेवावा आणि पेरणीच्या वेळी पसरावा. सार, म्हणजे खत, न घातलेलं भात वाढतं, पण फळत नाही. उन्हात वाळवलं की शेणातला नत्र उडून जातो, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणून गायरीवर सावली आणि ओल राखायला सांगतात. इथे पराशर चुकला असं माझं मत. ओल्या शेणाच्या पाट्या डोक्यावरून दूरच्या शेतात वाहून नेणाऱ्या बाईला मात्र वाळलेल्या खताचं हलकेपण नक्की कळलं असतं.

बैलांबद्दलचे श्लोक मी दादाला वाचून दाखवावेत की नाही, या विचारात होतो. ‘हलमष्टगवं धर्म्यम्’, एका नांगराला आठ बैल असणं हा धर्म. सहा असतील तर व्यवहार. चार बैलांचा नांगर निर्दय माणसांचा, आणि दोन बैलांचा गाय खाणाऱ्यांचा. म्हणजे आळीपाळीने जोड्या बदलाव्यात, एकाच जोडीला दिवसभर जुंपू नये. बैलाला पिळून मिळवलेलं पीक कुठल्याही शुभकार्याला निंद्य, इतकं स्पष्ट तो सांगतो. यातली करुणा खरी आहे. पण आमच्या गोठ्यात आठ बैल कधी नव्हते. दोनच होते, आणि काका त्यांना उन्हं तापायच्या आत सोडत. मी श्लोक वाचला. दादा म्हणाला, “दोन बैलवालो माणूस काय करतलो मगे?”

याचंही उत्तर ग्रंथातच आहे, आणि ते मला अतिशय कठोर वाटतं.

नित्यं दशहले लक्ष्मीर्नित्यं पञ्चहले धनम् ।
नित्यं च त्रिहले भक्तं नित्यमेकहले ऋणम् ॥

दहा नांगर असतील तिथे लक्ष्मी, पाच असतील तिथे धन, तीन असतील तिथे पोटापुरता भात, आणि एका नांगराच्या घरी कायमचं कर्ज. शेतकऱ्याच्या कर्जावर आपण आज जितकं बोलतो, लिहितो, त्यातलं बरंचसं या शेवटच्या आठ अक्षरांपुढे मला फिकं वाटतं. पराशराने एक नांगरवाल्याला दोष दिलेला नाही. त्याने घर पाहिलं आणि तिथे जे दिसलं ते नोंदवलं. आमच्या घरी एकच नांगर होता. माझं शिक्षण झालं त्याच वर्षांत घराच्या मागची काजूची बाग गहाण पडली होती, हे मला काका गेल्यावर कळलं. दादाची शाळा तर त्याआधीच सुटली होती.

तो श्लोक ऐकून दादा उठला. “चल, शेतात जावया,” म्हणाला.

रोज दोनदा तो शेतात फेरी मारतो. गणपती असो की सुतक, फेरी चुकत नाही. पराशराचा एक श्लोक त्याच्याबद्दल लिहिल्यासारखा आहे: ‘फलत्यवेक्षिता स्वर्णं दैन्यं सैवानवेक्षिता’. बघितलेली शेती सोनं पिकवते, तीच न बघितली तर दैन्य. अवेक्षण म्हणजे नुसतं बघणं नव्हे, वाकून, थांबून, लक्ष ठेवून बघणं. दुसरीकडे तो म्हणतो की घराची आतली बाजू वडिलांवर सोपवावी, स्वयंपाकघर आईवर, गुरं आपल्यासारखा जीव लावणाऱ्या माणसावर. शेतात मात्र स्वतःच जावं. माझ्या वाट्याचे चार कोपरे वरच्या अंगाला आहेत. सात-आठ वर्षं ते पड आहेत. त्यांत आता टाकळा आणि रानमोडी कमरेएवढी झाली आहे. आम्ही चाकरमानी वर्षातून एकदा, भाद्रपदात येतो, मेरेवरून, म्हणजे बांधावरून, फोटो काढतो आणि परत जातो. दादाने याबद्दल मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. त्या दिवशी त्या कोपऱ्यांवरून जाताना तो जरा भराभर चालला, एवढंच.

खाली मळ्यात गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात गर्द हिरवं होतं. पाणी पिंढरीपर्यंत उभं होतं, आणि मला ग्रंथातला आणखी एक श्लोक आठवला. भात निरोगी राहावं म्हणून भाद्रपदात शेतातलं पाणी सोडून द्यावं, मुळाशी राहील एवढंच ठेवावं. आश्विन-कार्तिकात मात्र पाणी राखावं, तेव्हा जो राखत नाही त्या मूर्खाने पिकाची आशा तरी कशाला करावी. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने शेतकऱ्यांना शिकवलेली एक पद्धत आहे. शेतात भोकं पाडलेली नळी पुरायची, तिच्यातली पातळी बघून पाणी देत-सोडत राहायचं, आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी तुटू द्यायचं नाही. मुळांना हवा मिळते, फुकटचे फुटवे थांबतात, साचलेल्या पाण्यातून उठणारा मिथेन वायूही कमी होतो. पराशराला मिथेन माहीत नव्हता. भाद्रपदात भाताचे पाय मोकळे करायचे आणि दाणा भरताना ते ओले ठेवायचे, एवढं त्याला माहीत होतं.

मी दादाला विचारलं, “आता पाणी सोडायचं का?”

“हळव्याचा नाय. ता पसवला. तेका पाणी व्हया.” त्याने वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे लोंब्या बाहेर पडत होत्या. “ह्या गरव्याचा सोडूक हरकत नाय.”

श्लोकात हळवं-गरवं नाही. तेवढं दादाचं.

त्याने कुदळ माझ्या हातात दिली. मेरेच्या कडेला कुठे मारायची ते पायाच्या अंगठ्याने दाखवलं. मी चप्पल काढून चिखलात उतरलो, दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला माती सुटली आणि पाणी आधी बोटभर, मग हातभर रुंद होऊन खालच्या व्हाळाकडे धावायला लागलं. एक लहानसा मासा त्याबरोबर गेला. दादा वाकून बराच वेळ रोपांच्या बुंध्यांकडे बघत राहिला, एकदोन बुंधे हाताने बाजूला करून त्याने आतही बघितलं. मग मीही वाकलो.

घराकडून आरतीच्या झांजा ऐकू येऊ लागल्या. “तू जा पुढे,” तो म्हणाला, “मी पाणी मुळाक इला की बंद करून येतंय.”

मी गेलो नाही.